सर गल्ल्यावर

आमच्या मेहुण्याचा बार चालत नव्हता आणि मी नुकताच निवृत्त झालो होतो. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पण आमच्या घरात संबंध लावण्याचं खातं मंदाकिनीकडे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींकडे आहे. एका सकाळी माझ्यापुढे चहाचा कप ठेवता ठेवता तिने तो लावून टाकला.

"तुम्ही तीस वर्षं पोरांना वाणिज्य शिकवलंत ना?"

"शिकवलं."

"धंद्यात नफा कसा वाढवायचा, गिऱ्हाईक कसं खूश ठेवायचं, हे सगळं होतं ना त्यात?"

"होतं. आठवं प्रकरण. त्यावर दीर्घोत्तरी प्रश्न हमखास यायचा."

"मग आता माझ्या भावाला शिकवा," ती म्हणाली आणि आत गेली. चहा गार व्हायच्या आत माझी नेमणूक झालेली होती.

मेहुणा म्हणजे अनिमेष. त्याचा बार होटगी रोडला. नाव 'हॉटेल निमित्त'. माणसाला प्यायला काहीतरी निमित्त लागतं, ते आपण पाटीवरच देऊन टाकू, अशी त्याची कल्पना. कल्पना त्याच्याकडे कायमच असतात. बारच्या आधी त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. ते बुडालं तेव्हा तो बायको, दोन मुलं आणि एक माशांची काचेची पेटी घेऊन आमच्याकडे 'चार दिवस' राहायला आला, आणि त्या चार दिवसांत आमच्या दोन दिवाळ्या झाल्या. हॉलमध्ये मी रात्री वर्तमानपत्र वाचायला बसलो की मासे माझ्याकडे बघायचे.

आता बारही बुडायच्या बेतात होता. निम्मा हिस्सा नातेपुत्याच्या दिग्विजयरावांचा होता. ते उसातले आणि मोठ्या आवाजातले गृहस्थ. त्यांनी सांगून ठेवलं होतं, की दसऱ्यापर्यंत बार नीट चालला नाही तर तिथे ते टाइल्सचं शोरूम काढणार. म्हणजे दहा-बारा कामगार घरी जाणार, अनिमेष रस्त्यावर येणार, आणि अनिमेषच्या रस्त्यावरून पहिलं घर आमचं लागतं. मासे तेव्हाच मेले होते, पण पेटी अजून शाबूत होती. तेव्हा मी या कामाला नुसता बायकोच्या धाकाने उभा राहिलो असं कुणी समजू नये. माझा हॉल पणाला लागला होता.

आमचे शेजारी शहाजीराव पाणीपुरवठ्यात होते. सोलापुरात चार दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पाणीपुरवठ्यातला माणूस निवृत्त झाला तरी गल्ली त्याचा मान ठेवते आणि त्याचा सल्ला ऐकून घेते.

"सर, दारूचा धंदा लई वंगाळ," ते म्हणाले. "आपल्यासारख्यानं तिकडं फिरकूसुद्धा नये. पण फिरकायचंच तर चकणा भारी ठेवा. त्या स्टेशनकडच्याकडं शेंगदाणे खवट असत्यात, आन् विजापूर रोडचा पापड मऊ पडतो. गोड शेव तर कुटंच ठेवू नये."

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"ऐकून," ते म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला गेले. त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता.

चकण्यासाठी मी मागच्या गल्लीतल्या काशम्मांकडे गेलो. त्यांची शेंगाचटणी अशी असते की भाकरी संपते आणि माणूस बोट चाटत बसतो. त्या आधी कानावर हात ठेवून म्हणाल्या, "अय्यो सर, दारूच्या दुकानात माजी चटणी? देवाला काय सांगू मी?" मग कानावरचे हात काढून त्यांनी विचारलं, "किती किलो पायजे?" देवाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

बारमध्ये मी पहिल्यांदा गेलो तो डोक्यावर हेल्मेट घालून. या गावात मी हजारो मुलांना 'चिटणीसाची कार्यपद्धती' शिकवलेली. पुराणिक सरांना कुणी होटगी रोडला नको त्या दारातून आत शिरताना पाहिलं तर काय म्हणेल, या विचाराने मी ते आत गेल्यावरही काढलं नाही. सोलापुरात हेल्मेट घातलेला माणूस मुळात दुर्मीळ. तो तसाच बारमध्ये घुसलेला बघून रामहरी नावाचा वेटर गल्ल्याच्या ड्रॉवरला पाठ लावून उभा राहिला.

"काय पायजे?" त्याने विचारलं.

"मी अनिमेषचा दाजी," मी हेल्मेटमधून म्हणालो. त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे, त्याने दोन्ही हात वर केले.

तो गैरसमज मिटल्यावर मी पाहणी केली. पाहणी केली म्हणजे चाचपणी केली, कारण आत दिसत काहीच नव्हतं. लाल रंगाचे झिरोचे बल्ब, टेबलाटेबलांत माणसाच्या उंचीचे प्लायवुडचे आडोसे, आणि त्या आडोशांमागे कुजबुज. मी रामहरीला विचारलं, की या अंधारात गिऱ्हाइकं मेनूकार्ड वाचतात कशी.

"वाचत न्हाईत सर. पाठ हाय त्यास्नी."

"आणि त्यांची नावं काय, कुठून येतात, काही विचारपूस करता का तुम्ही?"

रामहरी मोहोळचा. शांत माणूस. "एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर," तो म्हणाला. "टेबलाला नंबर हाय की."

झालं. मला रोगाचं मूळ सापडलं. आठव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलेलं आहे, की वातावरण प्रसन्न असावं, व्यवहार कायदेशीर असावा आणि ग्राहकाशी आपुलकीचं नातं असावं, शक्यतो त्याला नावाने हाक मारावी. इथे तिन्ही बाबतींत शून्य गुण होते. वर्गातल्या सर्वांत ढ मुलाकडे बघताना मला जो उत्साह यायचा तो त्या संध्याकाळी मला आला.

आठवड्याभरात आडोसे काढले, झिरोचे बल्ब काढले आणि पांढऱ्या ट्यूबा बसवल्या. इतका उजेड झाला की मोतीबिंदूचं ऑपरेशन करता आलं असतं. अनिमेष दारात उभा राहून डोळे चोळत म्हणाला, "दाजी, जरा जास्त नाही ना झालं?" मी त्याला म्हटलं, गिऱ्हाइकाला आपण काय पितोय हे दिसलं पाहिजे. अनिमेष घरंदाज मुलगा आहे, मोठ्यांना उलट बोलत नाही. या प्रकरणातलं निम्मं नुकसान त्याच्या घरंदाजपणामुळे झालं.

मग कायद्याचा मुद्दा. 'परमिट रूम' ही अक्षरं मी आयुष्यभर पाट्यांवर वाचत आलो होतो, पण त्यांचा अर्थ कुणी वाचलेला दिसत नव्हता. ज्याच्याकडे पिण्याचं परमिट आहे त्याने पिण्याची खोली ती परमिट रूम. मी गिऱ्हाइकांची परमिटं मागितली तेव्हा रामहरीने ड्रॉवरच्या तळातून एक-एक दिवसाच्या परमिटांचं एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. त्यात पहिलं नाव कुणा 'पाटील' यांचं होतं आणि पुढची सगळी नावंही पाटील यांचीच होती.

नवीन पुस्तकं आणायला मी सरकारी कचेरीत गेलो. पहिल्या टेबलावरचे गृहस्थ नम्र होते. त्यांनी विचारलं, किती हवीत. मी म्हटलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला रोज एक परमिट, या हिशेबाने द्या. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"कुणी तक्रार केलीय का तुमची?"

"नाही."

"तपासणी लागलीय?"

"नाही. कायदा आहे म्हणून मागतोय."

ते उठून दुसऱ्या टेबलावर गेले. तिथून दोघे मिळून तिसऱ्या टेबलावर गेले. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी मला पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं असं प्रेमाने विचारलं. एखादा माणूस वेडा नाही, नुसता शिक्षक आहे, हे सरकारला पटवायला तीन फेऱ्या लागल्या. चौथ्या फेरीला मी पुस्तकं घेऊन बाहेर पडलो.

पहिल्या शनिवारी मी इस्त्रीचा बुशशर्ट घालून, खिशाला पेन लावून गल्ल्यावर बसलो. संध्याकाळ झाली तशी माणसं येऊ लागली. दारातून आत पाऊल टाकलं की ती दचकायची, डोळ्यांवर हात धरायची, पण मागून येणाऱ्यांमुळे परत फिरता यायचं नाही. एक चाळिशीतला गलेलठ्ठ गृहस्थ खाली मान घालून कोपऱ्यातल्या टेबलावर गेला. रामहरीने त्याला ग्लास दिला. मी परमिटचं पुस्तक घेऊन गेलो, आणि बघतो तर काय.

"अरे, तू येमुल श्रीनिवास नरसय्या ना? ब तुकडी?"

तो ताडकन उभा राहिला. "येस सर," तो म्हणाला, आणि ग्लास धरलेला हात आपोआप पाठीमागे गेला. मागच्या टेबलावरच्या गृहस्थांच्या कॉलरमध्ये तो ग्लास रिकामा झाला. त्या गृहस्थांनी तक्रार करायला तोंड वळवलं, तर ते मोटे सदाशिव दिगंबर निघाले, क तुकडी. तेही उभे राहिले.

मला भरून आलं. माझ्या इतक्या वर्षांच्या अध्यापनाचं असं चीज व्हावं, तेही अशा ठिकाणी. आपुलकीच्या नात्याला अनुसरून मी श्रीनिवासला विचारलं, "वडील कसे आहेत?"

"बरे आहेत सर. गुडघे दुखतात. घराबाहेर पडत नाहीत."

तेवढ्यात माझी नजर पलीकडच्या टेबलाकडे गेली. पूर्वी या दोन टेबलांमध्ये आडोसा होता. तिथे पांढरा सदरा घातलेले एक वृद्ध गृहस्थ तोंडासमोर मेनूकार्ड धरून बसले होते. कार्ड उलटं होतं. पालकसभेला न चुकता येणारा पालक शिक्षक विसरत नाही.

"हे काय, नरसय्या इथेच आहेत की," मी म्हणालो.

गेली कित्येक वर्षं दर शनिवारी बाप आणि लेक त्याच आडोशाच्या दोन बाजूंना बसत होते, आणि घरी गेल्यावर एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत होते. आता दोघेही माझ्याकडे बघत राहिले. बापाने लेकाला बाहेर नेलं की लेकाने बापाला, ते मला नीट दिसलं नाही. बिलं मात्र दोघांनी वेगवेगळी दिली.

माझा उत्साह त्याने कमी झाला नाही. मी टेबलाटेबलावर जाऊन नावं घेतली, आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, तुकडीसकट. एक करसल्लागार होते, एक डॉक्टर होते, आणि शेजारच्याच टेबलावर त्या डॉक्टरांनी दारू बंद करायला सांगितलेला त्यांचा पेशंट होता. कुणी पाया पडलं, कुणी खोकल्याचं औषध म्हणून घेतो असं आपणहून सांगितलं. एका माजी वर्गप्रमुखाने तर सवयीने बाकीच्यांना गप्प बसायला सांगितलं. तासाभरात सगळा बार चिडीचूप झाला. इतका शिस्तीचा बार उभ्या सोलापूर जिल्ह्यात नसेल, असं मी घरी येऊन मंदाकिनीला अभिमानाने सांगितलं.

पुढच्या आठवड्यात माणसं कमी झाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी कमी झाली. जी यायची ती माझ्या पाया पडायची, लिंबू सोडा मागवायची, काशम्मांच्या चटणीबरोबर कडक भाकरी खायची आणि "येतो सर" म्हणून जायची. चटणी मात्र धडाक्याने खपत होती. फोनही सारखे यायचे. रामहरी फोन उचलायचा, "हाय, हायेत की" म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

"कुणाचा होता रे?" मी विचारायचो.

"तुमालाच इचारत्यात समदे," तो सांगायचा. "सर हायेत का म्हनून."

लोकांच्या या जिव्हाळ्याने मी सुखावून जायचो. मी आहे असं कळल्यावर ते येत का नाहीत, हा प्रश्न मला पडला नाही. वाणिज्याच्या शिक्षकाला पडायला हवा होता.

समाधान वाढलं नव्हतं असंही नाही. ते भलतीकडे वाढलं होतं. मंदाकिनीला बाजारात बायका थांबवायच्या. "सर तिथे बसतात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत हो," त्या म्हणायच्या. एकीने तर नवऱ्याला सांगितलं होतं, की प्यायची असेल तर सरांच्याच बारमध्ये जा, दुसरीकडे गेलास तर बघ. भाजीवालीने मंदाकिनीला कोथिंबीर फुकट दिली. होटगी रोडला पाऊल न टाकणाऱ्या सगळ्यांना आमचा बार अतिशय आवडू लागला होता.

अनिमेष वाळत चालला. रोज गल्ला बंद करताना तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला जायचा आणि थांबायचा. एकदा धीर करून म्हणाला, "दाजी, तुम्ही दमला असाल. ताईला घेऊन जरा कोकणात जाऊन या की."

"तुला सोडून?" मी म्हणालो. "ही वेळ आहे का मजा करायची?"

तो खाली मान घालून आत गेला. आणि दुसऱ्याच दिवशी नातेपुत्याहून दिग्विजयरावांचा निरोप आला, की रविवारी संध्याकाळी ते स्वतः येऊन बार बघणार आणि काय तो निकाल लावणार. मंदाकिनीने त्या रात्री हॉलमधला सोफा भिंतीकडे सरकवला. कशाला, असं मी विचारलं नाही, कारण माशांच्या पेटीला किती जागा लागते हे मलाही माहीत होतं.

अशा वेळी गुरुवारी सकाळी श्रीनिवास येमुल आमच्या घरी आला. बरोबर मोटे सदाशिव आणि ते डॉक्टर होते. मी त्यांना आत घेतलं.

"सर, तुमचा सत्कार करायचाय," श्रीनिवास म्हणाला.

"कशाबद्दल?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बारमधल्या तुमच्या प्रदीर्घ सेवेबद्दल."

"अरे, मला येऊन महिनासुद्धा झाला नाही."

"आम्हाला लई मोठा वाटला सर," मोटे म्हणाला.

तारीख त्यांनी रविवारची काढली होती आणि जागा बारचीच. माझा आनंद मावेना. दिग्विजयराव येतील तेव्हा बार माझ्या विद्यार्थ्यांनी भरलेला असेल. ते बघतील, की इथे किती माणसं येतात आणि किती प्रेमाने येतात. मी तीन दिवस भाषण तयार केलं. सुरुवात व्यवसायाच्या व्याख्येपासून होती, मध्ये सचोटी आणि शेवटी राष्ट्र.

रविवारी मी आत गेलो तेव्हा बार गच्च भरला होता. महिनाभरात न दिसलेले सगळे चेहरे तिथे होते. मला बघताच सगळे उठून उभे राहिले. भिंतीवर कापडी फलक होता. त्यावर 'सत्कार' हा शब्द मोठा होता आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'व निरोप' असं होतं. रंगाऱ्याची चूक असेल, असं मला वाटलं. रंगाऱ्यांना शुद्धलेखनाचं काही नसतं.

श्रीनिवासने माझ्या खांद्यावर सोलापुरी चादर घातली. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती पांघरून मी घामाघूम झालो, पण सत्कारमूर्तीने ती काढायची नसते. नारळ दिला. भाषणं झाली. इतकी छोटी भाषणं मी सोलापुरात कुठल्याच समारंभात ऐकली नव्हती. डॉक्टर "सर थोर आहेत" एवढं म्हणून बाजूला झाले.

याच वेळी दिग्विजयराव आले. दारात उभे राहून त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"अनिमेषराव, हितं काय लगीन हाय का?"

"गिऱ्हाइकं आहेत," अनिमेष पुटपुटला.

"गिऱ्हाईक? मग एक बी गलास कसा दिसंना टेबलावर? समदी उभी का? राष्ट्रगीत चाललंय व्हय?" त्यांनी मागे वळून हाक मारली. त्यांच्याबरोबर मेजरटेप घेतलेला एक माणूस होता. "घे रं मापं. फरशी किती लागंल ते बघून ठेव."

तो माणूस खरोखरच वाकून माझ्या विद्यार्थ्यांच्या पायांमधून मापं घ्यायला लागला. आणि श्रीनिवासने जाहीर केलं, की आता सर दोन शब्द बोलतील.

मी बोलायला उभा राहिलो. "व्यवसाय म्हणजे काय?" असं मी विचारलं, आणि पहिली व्याख्या सांगितली. दुसऱ्या व्याख्येला टेपवाला माझ्यापर्यंत पोचला. "सर, जरा पाय," तो म्हणाला. मी पाय उचलला. पाय उचलून बोलताना माणूस समोर बघतो, तसं मी पाहिलं.

स्वयंपाकघराच्या पडद्याआड सगळे वेटर भरलेले ट्रे घेऊन रांगेत उभे होते. सगळ्यांत पुढे रामहरी. त्याच्या ट्रेमधला बर्फ विरघळून चालला होता. अनिमेष गल्ल्याला टेकून उभा होता आणि त्याचे डोळे टेपवर होते. आणि समोरचे ते सगळे, पोटं सुटलेले, केस गेलेले, माझ्याकडे बघत होते. ती नजर मी तीस वर्षं रोज शेवटच्या तासाला पाहिलेली होती. घंटा कधी होते याची वाट बघणारी.

तेव्हा मला कळलं. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. यांतला एकही माणूस माझ्यादेखत घोट घेऊ शकणार नव्हता. कुणी मनाई केली नव्हती, माझा धाकही आता कुणाला नव्हता. त्यांना ते बरं वाटत नव्हतं, एवढंच. हा बार माझ्याबद्दलच्या आदराने बुडत होता. आणि गंमत अशी, की तसं वाईट वाटता वाटताच मला हलकंही वाटलं. मला रोज संध्याकाळी ते परमिटचं पुस्तक नको होतं, तो खाऱ्या शेंगदाण्यांचा वास नको होता, आणि काय काय लपवून चाललेल्या या पोरांच्या तोंडाकडे बघणंही नको होतं. मला माझा हॉल हवा होता.

सचोटी राहिली, राष्ट्रही राहिलं. मी भाषण तिथेच थांबवलं.

"मी निघतो," मी म्हणालो. "तुम्ही बसा."

कुणी हललं नाही. वर्गात सर आले की उभं राहायचं आणि सर 'बसा' म्हणाले की बसायचं, एवढाच अर्थ त्यांनी त्या शब्दाचा माझ्या तोंडून कधी ऐकला होता. माझा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचायला क्षणभर लागला. मग मोटे सदाशिवच्या मिशा हलल्या. श्रीनिवास पुढे आला.

"सर," त्याने हळूच विचारलं, "खरंच बसू?"

"बस," मी म्हणालो. "आणि वडिलांनाही बसू दे. निराळ्या टेबलावर." मग मी पडद्याकडे बघून म्हणालो, "रामहरी, त्या ट्यूबा घालव."

ट्यूबा गेल्या. कुठून तरी एक लाल झिरो लागला, म्हणजे अनिमेषने एक जपून ठेवला होता. मी नारळ काखेत मारून दारापर्यंत गेलो तोवर मागे खुर्च्या सरकल्या, बाटल्या फुटाव्या तसे झाकणांचे आवाज आले आणि महिनाभर कोंडलेलं हसणं एकदम बाहेर पडलं. टेपवाला कुणाच्या तरी टेबलाखाली अडकला होता. त्याला बाहेर काढून त्याच्याही हातात ग्लास दिला गेला असावा, कारण मेजरटेप सरकन परत गुंडाळली गेल्याचं मी ऐकलं.

बाहेर येऊन मी स्कूटरजवळ गेलो, आणि ती माझीच आहे का ते मला कळेना. निघता निघता डोळे पुसायला मी चष्मा काढला होता, तो गल्ल्यावरच राहिला होता. परत आत जाणं भाग होतं.

आत लाल अंधार होता आणि त्या अंधारात नुसत्या आकृत्या. कोण कुणाशेजारी बसलंय, कुणाच्या हातात काय आहे, मला काहीही दिसत नव्हतं. दिग्विजयरावांचा आवाज तेवढा ओळखता आला. "अजून चार खुर्च्या टाका की भाईर," ते सांगत होते. "टाइल्सचं मागनं बघू. आन् ती चटनी आना अजून, लई भारी हाय." अनिमेष काहीतरी बोलला आणि हसला. तो हसल्याचं मी फार दिवसांनी ऐकलं.

मी गल्ल्यापाशी गेलो. माझ्या येण्याने कुणी उठलं नाही. कुणी गप्पही झालं नाही. रामहरीने चष्मा माझ्या हातात ठेवला आणि जवळून, पण अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, "अजून काय पायजे का, सायेब?"

"नको," मी म्हणालो. तो मला पहिल्यांदाच साहेब म्हणाला होता.

चष्मा मी हातातच ठेवला. दारात समोरून घाईने येणाऱ्या एका गृहस्थांशी माझी टक्कर झाली. जाड आकृती, डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं. ते जागच्या जागी थिजले.

"माफ करा हं," ते म्हणाले. "चुकून आलो."

आवाज मी कुठेतरी ऐकलेला होता. चष्मा डोळ्यांवर चढवायला एक क्षण पुरला असता, आणि आडनाव, नाव, वडिलांचं नाव सगळं जिभेवर आलं असतं.

"मीही चुकूनच आलो होतो," मी म्हणालो, चष्मा खिशात टाकला आणि त्यांना वाट करून दिली.